पीएच पेन आणि टीडीएस पेन: जून ते ऑक्टोबर, नागपूरच्या पावसात

जुलैअखेर हे पीएच पेन (पाणी किती आम्ल ते सांगणारं; 7च्या जितकं खाली तितकं आम्ल जास्त) घेऊन मी सीताबर्डीच्या दुकानात भांडायला गेलो होतो. एकाच पावसाचं पाणी, पहिल्या ग्लासात 6.7 आणि अर्ध्या तासाने 5.8. हजारावर रुपये मोजून असं भरकटणारं पेन कोण ठेवून घेईल? दुकानदाराने ते 7 आणि 4 च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावांत, बुडवून दाखवलं. दोन्ही आकडे बरोबर. म्हणाला, "भाऊ, पेनात काही नाही. तुमचं पाणीच एकसारखं नाही." पटलं नाही. रागातच घरी आलो.

दोन्ही पेनं घेतली ती कूलरसाठी. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) नऊशेच्या वर, ताट्यांवर पांढरा थर बसतो आणि दर उन्हाळ्यात नव्या ताट्यांचा खर्च. पावसाचं पाणी टाकीत साठवायचं, तर ते कितपत स्वच्छ हे आधी कळायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये पद्धत बदलली. गच्चीवर पर्जन्यमापक, शेजारी स्टीलचं पातेलं, पहिला थेंब पडेपर्यंत त्यावर झाकण. उघडं ठेवलं तर पावसाआधीची धूळही मोजली जाते. आठ दिवसांच्या उघडिपीनंतर आलेल्या पावसात पहिल्या 2 मिमीचा टीडीएस 52 भरला. पातेली बदलत गेलो: 10 मिमीनंतर 14, 40 मिमीनंतर 4. पुढे एकदा नुसती 3 मिमीची भुरभुर झाली, तिचा 41.

म्हणजे दुकानदार खरं बोलत होता. ढगाखालच्या हवेतली धूळ आणि वायू सुरुवातीचे थेंब धुऊन खाली आणतात. मागून येणाऱ्या पाण्याला धुवायला फारसं उरत नाही. भुरभुरीचे बारीक थेंब तर वाटेतच थोडे सुकतात, त्यामुळे आणखी घट्ट.

पण मला खरा धक्का पीएचने दिला. पाऊस "स्वच्छ" होत गेला तसा आकडा खाली गेला. निव्वळ कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या पाण्याचा पीएच साधारण 5.6 असतो. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांत कोळसा जळतो, त्यातून आम्ल करणारे वायू निघतात. हवेतल्या धुळीतला चुना त्या आम्लाला मारतो. धूळ धुऊन गेली की हा आधार जातो. जोधपूरला पाऊस कमी, धूळ भरपूर, म्हणून तिथला पीएच 5.6च्या बराच वर राहतो. जोधपूरप्रमाणेच नागपूरही हवामान खात्याच्या पर्जन्यरसायन, म्हणजे पावसाच्या पाण्यात काय विरघळलंय ते, मोजणाऱ्या केंद्रांपैकी एक आहे, हे मला याच निमित्ताने कळलं.

टीडीएस पेन पंधरा दिवस बहिणीकडे रत्नागिरीला दिलं होतं. तिथे पाऊस आपल्या दुपटीहून जास्त, तरी वाऱ्याच्या दिवशी आकडा दहाच्या खाली येईना. समुद्राचं मीठ वाऱ्यासोबत येतच राहतं. तेव्हा नुसत्या मिलिमीटरवरून दोन गावांची तुलना करू नका.

आणखी एक हिशेब. 1 मिमी म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. माझी 3 मिमीची भुरभुर 41ने धरली तर 123 मिलिग्रॅम क्षार. 60 मिमीचा पाऊस सरासरी 8ने धरला तरी 480. लिटरमागे कमी, पण जमिनीवर चौपट. शेताला काय मिळतं हे बघायचं असेल तर हाच आकडा बघा.

आता तक्रार, आणि ती टोपीची. पीएच पेनच्या टोपीतला स्पंज साठवणीच्या द्रावाने ओला राहायला हवा. ही टोपी सैल आहे. सप्टेंबरात इलेक्ट्रोड सुकला, आकडा स्थिर व्हायला दहा मिनिटं लागू लागली. पावसाच्या पाण्यात आयन कमी, त्यामुळे चांगल्या पेनलाही तीन-चार मिनिटं द्यावीच लागतात, पण दहा नाहीत. दुकानात म्हणाले, टोपी वेगळी मिळत नाही, नवीन पेन घ्या. दोन रुपयांच्या प्लास्टिकपायी हजाराचं यंत्र टाकायचं? मी टोपीच्या काठावर टेफ्लॉन टेप गुंडाळली आहे आणि पेन उभं ठेवतो. अजून चालतंय.

गच्चीवरच्या पाइपला पहिलं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह बसवला. गच्ची शंभर चौरस मीटर, म्हणजे 5 मिमीला 500 लिटर सोडून द्यावे लागतात. जिवावर येतं, पण उरलेलं टाकीत 9च्या आसपास येतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र मी ते घालत नाही. टीडीएस पेन त्यात बॅटरीला मारक असं क्लोराइड किती ते सांगत नाही.