दोघांनी सायकलवर समुद्रकाठ: द्वारका ते दीव की अलिबाग ते रत्नागिरी?

बडोद्यातून सायकली घेऊन समुद्राकाठी जायचं म्हटलं की आपलं सौराष्ट्र नाहीतर कोकण. आम्ही नवराबायकोने दोन्ही केलंय, आणि सुट्टी एकाच ट्रिपपुरती असेल तर काय निवडायचं ते सांगते.

सौराष्ट्राला जाणं सोपं. सौराष्ट्र मेल बडोद्याहून थेट द्वारकेला सोडते, सायकली लगेजमध्ये बुक करायच्या. मग हायवे ५१ धरायचा, रस्ता सपाट, रुंद, पंक्चरवाला आणि चहा कुठेही. द्वारका-पोरबंदर साधारण १०० किलोमीटर, पोरबंदर-सोमनाथ १३० च्या आसपास (हे मधे माधवपूरला मुक्काम करून दोन दिवसांत करा), आणि तिथून दीव ८५ च्या घरात. ओखामंडळ (द्वारकेचा भाग) आणि कोडीनार (सोमनाथ-दीवच्या वाटेवर) दोन्ही गायकवाडांच्या बडोदा संस्थानात होते, त्यामुळे आपल्याला हा पट्टा तसा घरचाच.

पण खरं सांगायचं तर समुद्र त्यामानाने कमी दिसतो. माधवपूरला तो अगदी रस्त्याला लागून येतो, तिथे आम्ही सायकली आडव्या टाकून नारळपाणी पीत बसलो ते उठायचं नावच घेईना, पण बाकी बराच वेळ शेतं, ट्रक आणि वारा. वाऱ्याचं मनावर घ्या, द्वारका-पोरबंदर रस्त्यावरच्या लांबा गावाजवळच्या पवनचक्क्या काही उगीच उभ्या नाहीत. थंडीत तो बहुतेक उत्तरेकडून असतो म्हणून द्वारकेहून दीवकडेच जा, उलट नको. आणि कोडीनार-ऊना भागात गीरचे सिंह पार किनाऱ्यापर्यंत येतात, तिथे अंधारात सायकल काढायची नाही म्हणजे नाही.

आता कोकण. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीत सायकलीसकट चढायचं, पुढे अलिबाग, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी. दिवेआगर ते श्रीवर्धन शेखाडीवरून जाणारा रस्ता आणि शेवटचा आरे-वारे, या दोन तुकड्यांसाठी मी परत जाईन, समुद्र बाजूलाच असतो आणि गाड्या कमी.

किंमत मात्र पायांनी मोजायची. प्रत्येक खाडीशी उतार, पलीकडे लगेच चढ, वर सडा म्हणजे कातळाचं पठार, पुन्हा उतार. सौराष्ट्रात ज्या वेळात ९० किलोमीटर होतात त्यात इथे ४५ झाले तरी खूप. पूल नाहीत तिथे फेरीबोट: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. बोट टेकली की लोखंडी फळी धक्क्यावर पडते, ती ओली आणि शेवाळलेली असते, आधी मोटरसायकली सुटू द्या आणि मग सायकल हातात धरून उतरा, चालवत नाही.

जोडप्यासाठी मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. आमच्यात नवरा जोरात चालवतो, मी सावकाश. सपाट हायवेवर तो पुढे निघून जायचा, ट्रकच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, मग फोन, मग चिडचिड. त्याने पुढे राहून वारा अडवायचा आणि मी मागे चिकटून चालवायचं असं ठरवलं तेव्हा कुठे बरं चाललं. कोकणात चढावर दोघंही ढकलतच असतात आणि पुढे गेलेला माणूस बोटीसाठी थांबतोच, त्यामुळे दिवसातून एकदा तरी धक्क्यावर शांत गप्पा होतात. जेवणाचंही तेच, घरगुती मुक्कामात संध्याकाळी सुरमई नाहीतर उकडीचे मोदक, सोलकढी आणि गप्पा मारायला काकू. काठियावाडी रोटला-ओळो (बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत) मला प्रिय आहे, पण हायवेवरच्या हॉटेलात आठवडाभर तेच तेच होतं.

म्हणून माझं मत: पहिलीच लांब ट्रिप असेल, गियर नसतील किंवा दोघांपैकी एकाचे गुडघे दुखत असतील तर द्वारका-दीव. बाकी सगळ्यांनी कोकण, फक्त दिवस जास्त घ्या आणि सामान निम्मं करा. परतायला ओखा-एर्नाकुलम गाडी रत्नागिरीहून बडोद्याला येते.

सीझन दोन्हीकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दिवाळीत दीव आणि नाताळात कोकण टाळा, रूम मिळत नाहीत. आणि कोकण ठरवत असाल तर आधी एका रविवारी दोघं सामान बांधून पावागडला माचीपर्यंत चढवून बघा. दुसऱ्या दिवशी ऑफिसला नीट जाता आलं तर तिकिटं काढा.