अक्षरे ठाऊक, शब्द अज्ञात : वनलुकच्या शब्दशोधाचे परीक्षण

शब्दकोशात शब्द पाहायचा तर तो आधी माहीत असावा लागतो, ही कोशाची जुनीच अडचण आहे. इंग्रजी शब्दात 'क्यू' आहे पण 'यू' नाही, किंवा त्याची सुरुवात 'बीडी' अशा अवघड जोडीने होते, एवढीच खूण हाती असेल तर छापील कोश फारसा कामाला येत नाही. वनलुक हे विनामूल्य संकेतस्थळ याच्या उलट दिशेने चालते. आपण अक्षरांचा साचा द्यायचा आणि त्यात बसणारे शब्द त्याने पुढे ठेवायचे, अशी त्याची रीत आहे. अनेक इंग्रजी कोशांची एकत्र सूची असल्यामुळे एखादा शब्द कोणकोणत्या कोशांत आला आहे, याचे दुवेही तेथेच मिळतात.

साचा लिहिण्याची चिन्हे थोडकीच आहेत आणि ती लवकर अंगवळणी पडतात. प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर, तारांकन म्हणजे कितीही अक्षरे, 'ॲट'चे चिन्ह म्हणजे स्वर आणि 'हॅश' म्हणजे व्यंजन. साच्याच्या शेवटी वजाचिन्ह देऊन पुढे अक्षरे लिहिली की ती अक्षरे असलेले शब्द वगळले जातात. अधिकचिन्ह दिले तर केवळ त्याच अक्षरांचे शब्द उरतात. स्वल्पविरामाने दोन साचे जोडता येतात. विसर्गासारख्या दोन टिंबांपुढे अर्थाचा धागाही देता येतो, म्हणजे 'बीएल'ने सुरू होणारा आणि बर्फाशी संबंधित शब्द मागितला की 'ब्लिझर्ड' सापडतो. मला या साऱ्यात हीच सोय सर्वांत मोलाची वाटते.

मात्र चिन्हांचा अर्थ काटेकोर आहे आणि तो समजून न घेतल्यास यादी फसवी ठरते. 'यू'शिवाय 'क्यू' असलेले शब्द हवेत म्हणून वजाचिन्हाने 'यू' वगळला, तर 'फकीर', 'कव्वाली', 'निकाब', इराणातील भुयारी जलवाहिनी असलेली 'कनात' आणि येमेनमध्ये ज्याची पाने चघळतात ते 'कात' हे झुडूप, असे शब्द व्यवस्थित येतात. पण 'बुरखा' मात्र यादीतून गळतो, कारण इंग्रजी लेखनात त्याच्या दुसऱ्याच स्थानी 'यू' बसला आहे. वजाचिन्ह शब्दातील प्रत्येक 'यू' पाहते, फक्त 'क्यू'च्या पुढचा नव्हे. त्यासाठी 'क्यू'नंतर 'ए', 'आय' किंवा व्यंजन असे साचे वेगवेगळे द्यावे लागतात. इंग्रजी वाचकाला विचित्र वाटणारी ही यादी आपल्याला बरीचशी ओळखीची वाटावी, ही गंमत वेगळीच.

स्वरहीन शब्दांच्या बाबतीतही असेच होते. पाच स्वर वगळले की 'वाय'वर चालणारे शब्द राहतात. त्यांत 'सिझिजी' हा माझा आवडता, कारण त्यात 'वाय' तीनदा येतो आणि अर्थही देखणा आहे. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येण्याच्या स्थितीला हा शब्द लावतात, म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही सिझिजीच. त्यामागील ग्रीक धातू जोडण्याचा असून आपल्या 'युग' आणि 'जू' या शब्दांशी त्याचे नाते आहे. 'वाय'सुद्धा वगळला तर संक्षेपांच्या गर्दीतून 'कूम' आणि 'क्रूथ' हे वेल्श शब्द हाती लागतात. वेल्श भाषेत 'डब्ल्यू' स्वराचे काम करतो, म्हणून सी, डब्ल्यू, एम एवढ्या तीन अक्षरांत 'कूम' उभा राहतो. हिमनदीने कोरलेल्या वाडग्यासारख्या दरीला हे नाव आहे आणि एव्हरेस्टच्या वाटेवरील 'वेस्टर्न कूम'चे नामकरण जॉर्ज मॅलरी यांनी 1921 मध्ये केले. क्रूथ हे गजाने वाजवायचे जुने तंतुवाद्य.

या सेवेची खरी चव कळते ती 'पी, एच, टी, एच' या चार अक्षरांच्या शोधात. 'डिप्थाँग', 'डिप्थीरिया', 'ऑप्थॅल्मॉलॉजी', 'नॅप्थलीन' आणि 'थायसिस' हे सारे एकाच चौकडीवर उभे आहेत, पण अर्थाने एकमेकांपासून फार दूर आहेत. डिप्थाँगमध्ये, म्हणजे जोडस्वरात, ग्रीक 'ध्वनी' आहे, ऑप्थॅल्मॉलॉजीत 'डोळा', तर थायसिसमध्ये 'क्षय'. डिप्थीरियाच्या मुळाशी चामड्याचा अर्थ आहे, कारण या रोगात घशात चामड्यासारखा चिवट पापुद्रा धरतो. नॅप्थलीन तर डांबरगोळ्यांच्या वासाचे. इतके बिऱ्हाडकरू एका छपराखाली पाहिल्यावर इंग्रजी स्पेलिंगविषयीची चीड थोडी निवळते.

'बीडी'ने सुरू होणारी यादी लहान आहे. 'डेलियम' म्हणजे गुग्गुळाच्या जातीचा सुगंधी डिंक, आणि 'डेलॉइड' म्हणजे जळवेसारखे सरकणारे अतिसूक्ष्म जलजीव. दोन्हींत पहिला 'बी' उच्चारात सहसा लोपतो.

अर्थांच्या बाजूने ही सेवा मला तोकडी वाटते. यादीतील अर्थ ओळख पटण्यापुरता असतो. व्युत्पत्ती, वापराचा काळ आणि वाक्यातील उपयोग यांसाठी दुव्यावरून मूळ कोशात जावेच लागते, आणि वर दिलेली मुळे मला तेथेच मिळतात. शिवाय विशेषनामे, संक्षेप आणि वाक्प्रचार एकाच पंगतीत बसतात, त्यामुळे लांबलचक यादी चाळण्याचे काम वाचकावर पडते. त्यावर एक उपाय दुव्यांमध्येच आहे. मेरियम-वेबस्टर, कॉलिन्स, अमेरिकन हेरिटेज अशा संपादित कोशांत शब्द असेल तर तो निर्धास्तपणे वापरावा. कोणालाही भर घालता येणाऱ्या एखाद्याच कोशात असेल तर त्याची उदाहरणे तपासल्याशिवाय लेखनात आणू नये.

दुर्मीळ शब्दांचा नाद असणाऱ्यांना, शब्दकोडी रचणाऱ्यांना आणि भाषा शिकवणाऱ्यांना मी हे संकेतस्थळ विनासंकोच सुचवेन. दोन तिरप्या रेघांपुढे विस्कटलेली अक्षरे लिहिली की त्यांचा शब्द जुळवूनही मिळतो, पण स्क्रॅबल हा पटावर शब्द जुळवण्याचा खेळ खेळणाऱ्यांनी त्यावर विसंबून डाव मांडू नये. तेथे मान्यता खेळाच्या स्वतःच्या यादीची असते. उत्तर अमेरिकेच्या यादीत 'ची' (चिनी विचारातील प्राणशक्ती) हा 'क्यू, आय' असा दोन अक्षरी शब्द 2006 मध्ये आला. त्याआधी तो कोशात असूनही तेथील पटावर चालत नव्हता.