टापांमागचे साक्षीदार : भुताळी घोडेस्वारांवरील एका श्राव्यमालिकेचे परीक्षण

भुताळी घोडेस्वारांच्या दंतकथांवर आधारलेली आठ भागांची एक मराठी श्राव्यमालिका मी गेल्या पंधरवड्यात ऐकून संपवली. प्रत्येक भाग साधारण चाळीस मिनिटांचा आहे, निवेदन एकाच व्यक्तीचे आहे, आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस ‘हे खरे असेल का?’ हा प्रश्न उभा करून त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केलेला आहे. उत्तर शोधण्याच्या दोन तऱ्हा या मालिकेत दिसतात. काही भागांत ती कथा कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने लिहून ठेवली याचा माग काढलेला आहे. इतर भागांत मात्र विज्ञानाच्या कपाटातले हाताला लागेल ते स्पष्टीकरण काढून कथेला चिकटवलेले आहे. पहिल्या तऱ्हेचे भाग मी दोनदा ऐकले, दुसऱ्या तऱ्हेचे एकदा ऐकणेही जड गेले.

मालिकेचा कळस दुसऱ्याच भागात येतो. 1091 च्या जानेवारीत फ्रान्सच्या उत्तरेकडील नॉर्मंडीमधला वॉल्चेलिन नावाचा एक पाद्री रात्री आजाऱ्याला भेटून परत येत असताना त्याला मोठ्या फौजेची चाहूल लागते. कूर्सीच्या वेढ्यासाठी निघालेले हे एखाद्या सरदाराचे सैन्य असावे, असा त्याचा पहिला तर्क असतो आणि त्या काळात तो अगदी स्वाभाविक होता. तो झाडांच्या आडोशाला जातो, आणि चांदण्यात त्याच्यासमोरून मृतांची मिरवणूक जाऊ लागते : लुटीच्या ओझ्याखाली वाकलेले पायी लोक, जळत्या खिळ्यांच्या खोगिरांवर बसलेल्या स्त्रिया, आणि शेवटी काळ्या पोशाखातले घोडेस्वार. आपण हे सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून पुरावा हवा, या विचाराने तो स्वार नसलेला एक काळा घोडा पकडू पाहतो. रिकिबीत पाय ठेवताच ती निखाऱ्यासारखी भाजते आणि लगाम धरलेल्या हातात विलक्षण गारठा शिरतो. निवेदिकेने हा प्रसंग आवाज अजिबात न चढवता सांगितला आहे, आणि म्हणूनच तो अंगावर येतो.

पण तिचे खरे श्रेय त्यापुढचे आहे. ऑर्डेरिक व्हिटालिस या मठवासी इतिहासकाराने ही हकिकत काही दशकांनंतर नोंदवली आणि पाद्र्याच्या अंगावरचा, एका स्वाराने धरल्याचा व्रण आपण स्वतः पाहिल्याचे लिहिले, हे सांगून ती लगेच पुढचा प्रश्न विचारते : व्रणावरून जखम झाली एवढेच कळते, मग ती कोणी केली हे कशावरून कळते? शिवाय त्या मिरवणुकीतल्या एका सरदाराच्या तोंडात चक्कीचा तापलेला लोखंडी दांडा आहे, कारण कर्जापोटी तारण ठेवलेली दुसऱ्याची गिरणी त्याने बळकावली होती, आणि ती परत करावी असा निरोप तो आपल्या घरी पाठवू पाहतो. जिवंतांचे हिशेब मृतांच्या तोंडून वाजते करण्याची ही सोय होती, हे निवेदिकेचे म्हणणे मला पटले. तिसऱ्या भागातली, इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या मठातली नोंदही त्याच वळणाची आहे. 1127 मध्ये राजाच्या नात्यातला एक मठाधिपती तेथे लादला गेला, आणि त्यानंतर ईस्टरपर्यंत काळ्या घोड्यांवर व बोकडांवर बसलेले अक्राळविक्राळ शिकारी आणि बशीएवढ्या डोळ्यांचे कुत्रे रात्री दिसत होते, वीस-तीस शिंगे फुंकल्याचा आवाज येत होता, असे तेथल्या वृत्तान्तात लिहिलेले आहे. त्याच वृत्तान्तात या मठाधिपतीची तुलना पोळ्यातल्या ऐतखाऊ नरमाश्यांशी केलेली आहे. ज्याने भुते नोंदवली त्यानेच ही तक्रारही नोंदवली, हे कळल्यावर भुतांकडे पाहण्याची नजर आपोआप बदलते.

येथे भाषेची एक खटकलेली बाब सांगितलीच पाहिजे. याकोप ग्रिमने 1835 मध्ये या कथांना एका नावाखाली आणले, इंग्रजीत त्यांना ‘वाइल्ड हंट’ म्हणतात, आणि मालिकेत त्याचे भाषांतर सरळ ‘रानटी शिकार’ असे केलेले आहे. त्यातून ना भूत कळते ना घोडा. ‘भुतांची शिकारफेरी’ म्हटले असते तर निदान कोण कोणाच्या मागे लागले आहे याचा अंदाज आला असता.

चौथ्या भागापासून घसरण सुरू होते. इंग्लंडच्या उत्तरेकडील साउदर फेल या डोंगरावर 1745 च्या जून महिन्यातल्या एका संध्याकाळी घोडेस्वारांची फौज कूच करताना सव्वीस जणांनी पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी वर जाऊन पाहिले तर एकाही खुराचा ठसा नव्हता, अशी ही हकिकत आहे. मालिका तिचा निकाल एका वाक्यात लावते : स्कॉटलंडमधल्या बंडखोर सैन्याच्या कवायतीचे ते मृगजळ असावे. हा तर्क जुना आहे, पण दिनदर्शिका उघडली असती तर तो तेथेच गळून पडला असता, कारण ज्या राजपुत्राने ते बंड उभारले तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उतरला जुलैच्या अखेरीस. जूनमध्ये प्रतिबिंब पडायला ते सैन्यच उभे राहिलेले नव्हते. अद्भुत गोष्टीला पुरावा मागणाऱ्याने स्वतःच्या स्पष्टीकरणालाही तोच पुरावा मागायला नको का?

जर्मनीतल्या ब्रोकेन पर्वतावरच्या ‘भुता’चेही असेच झाले आहे. सूर्य पाठीशी आणि धुके समोर असले, की पाहणाऱ्याची स्वतःचीच सावली धुक्यावर राक्षसी आकाराची दिसते, हे बरोबर आहे. पण मग पायी चालणाऱ्याला पायी चालणारेच भूत दिसणार, त्याला घोडा कोठून मिळाला? सहाव्या भागात 1998 मधल्या व्हिक टँडी यांच्या लेखाचा आधार घेतला आहे, ज्यात प्रयोगशाळेतल्या एका पंख्यामुळे निर्माण झालेल्या सुमारे 19 हर्ट्झच्या, कानांना न जाणवणाऱ्या ध्वनीचा संबंध तेथे आलेल्या अस्वस्थतेशी आणि डोळ्यांच्या कडेला दिसलेल्या करड्या आकृतीशी जोडला होता. बंद खोलीतली ही गोष्ट उघड्या माळावरच्या शेकडो स्वारांना लावण्याची घाई अनाकलनीय आहे. त्याच भागातला रानहंसांचा मुद्दा मात्र चोख आहे. उत्तर इंग्लंडमधल्या ‘गॅब्रिएलच्या कुत्र्यां’च्या कथेत मुळात काही दिसत नाही, रात्रीच्या आकाशातून फक्त भुंकणे ऐकू येते, आणि अंधारात स्थलांतर करणाऱ्या हंसांच्या थव्याचा कलकलाट ज्याने ऐकला आहे त्याला हे स्पष्टीकरण ओढून आणलेले वाटणार नाही.

सातवा भाग या मालिकेतला सर्वांत धाडसी आहे, कारण त्यातले भुताळी घोडेस्वार निःसंशय खरे होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेचे लोक स्वतःच्या आणि घोड्यांच्या अंगावर पांढरी वस्त्रे घालून रात्री मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या घरांवर जात आणि आपण शायलोच्या लढाईत मेलेले सैनिक आहोत असे सांगत. ‘मेल्यापासून घोटभर पाणी मिळाले नाही’ असे म्हणून एखादा स्वार बादलीभर पाणी पिऊन टाकी. प्रत्यक्षात ते नळीवाटे झग्याखालच्या पिशवीत जाई. निवेदिका येथे थांबत नाही. 1871 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे झालेल्या साक्षींत अनेक पीडितांनी हल्लेखोरांना त्यांच्या आवाजावरून आणि घोड्यांवरून ओळखल्याचे सांगितले, हे ती शांतपणे मांडते. ते घाबरले होते, पण भुताला नव्हे, चाबकाला आणि बंदुकीला. अडाणी लोक भुतांना भ्याले, ही गोष्ट झगा घालणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी पसरवली, असे तिचे प्रतिपादन आहे. ‘खरे की खोटे’ या प्रश्नाला इतके वजन इतर कोणत्याही भागात आलेले नाही.

शिरविरहित स्वारांवरचा आठवा भाग त्यामानाने उरकलेला वाटतो. आयर्लंडचा दुल्लहान, तोफगोळ्याने डोके उडालेला अमेरिकेतला हेसियन, म्हणजे जर्मन भाडोत्री, सैनिक आणि जपानच्या तोकुशिमा भागातला, बिनडोक्याच्या घोड्यावर बसणारा एकाक्ष ‘याग्यो-सान’ यांची केवळ यादी झाली आहे. याग्यो-सान आला तर जमिनीवर पालथे पडावे, आणि जर्मन कथांतही शिकारफेरी आली की रस्त्याच्या मधोमध पालथे पडावे, या दोन सूचना लागोपाठ वाचून दाखवूनही त्यांतले साम्य निवेदिकेच्या लक्षात येत नाही, याची मला चुटपुट लागून राहिली.

ध्वनियोजनेबद्दल माझी तक्रार जरा किचकट आहे. सर्व आठ भागांत टापांचा एकच तुकडा वापरला आहे, आणि हेडफोन लावून नीट ऐकले तर त्यात दोनच ठोके आहेत : टप-टप, टप-टप. ही घोड्याची दुडकी चाल झाली. भरधाव घोड्याच्या टापा चारच्या गटाने पडतात आणि मध्ये, चारही पाय जमिनीपासून सुटलेले असताना, क्षणभर शांतता असते. निवेदिका ‘वाऱ्याच्या वेगाने’ म्हणते आणि पाठीमागे घोडा आरामात दुडदुडत असतो. शिवाय तो दगडी फरशीवर चालतो आहे, मग प्रसंग माळावरचा असो की डोंगराच्या गवताळ उतारावरचा. करवंट्या आपटूनही यापेक्षा बरा आवाज काढता येतो.

ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी दुसरा, तिसरा आणि सातवा भाग ऐकावा, आणि सहाव्यातला हंसांचा शेवटचा तुकडा सोडू नये, कारण साऱ्या मालिकेत टापांचा तो आवाज फक्त तेथेच बंद आहे.