परदेशस्थ चिनी समाजावरील अभ्यासवर्ग: इतिहास भक्कम, वर्तमान घाईचे

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे चीन हे नाव सोलापूरकरांना जवळचे आहे. तरीही परदेशी स्थायिक झालेल्या चिनी लोकांवर मायदेशाचे राजकारण कशी पकड ठेवते, हा विषय शहरातील एका खासगी अभ्यासिकेने सशुल्क वर्गासाठी निवडला, याचे मला अप्रूप वाटले.

इतिहासाचा भाग उत्तम झाला. चीनच्या छिंग राजवटीच्या १९०९ च्या कायद्याने चिनी पित्याचे अपत्य कोठेही जन्मले तरी चिनीच ठरवले, क्रांतिकारक नेते सुन यत्सेन यांनी सिंगापूर-पिनांगच्या चिनी व्यापाऱ्यांकडून ती राजवट उलथवणाऱ्या क्रांतीसाठी निधी मिळवला आणि १९४९ नंतर बीजिंग (कम्युनिस्ट चीन) व तैपेई (तैवान) या दोन्ही सत्ता परदेशातील त्याच शाळांवर, वृत्तपत्रांवर आणि ज्ञातिसंस्थांवर हक्क सांगू लागल्या, ही साखळी व्याख्यात्यांनी न अडखळता उलगडली. राष्ट्रीय दिन बीजिंगप्रमाणे १ ऑक्टोबरला पाळायचा की तैपेईप्रमाणे १० ऑक्टोबरला, यावरून वस्त्यांत कशी फूट पडे, हे ऐकताना विषयाला माणसांचे चेहरे आले. १९६२ च्या युद्धानंतर भारत सरकारने सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध केले. त्यांतील अनेकांचा जन्म भारतातच झाला होता. मायदेशाच्या दाव्याची किंमत यजमान देशातही मोजावी लागते, हा मुद्दा येथे नेमका पोहोचला.

वर्तमानाकडे येताच मात्र तोल गेला. चीन सरकारचे परदेशस्थ चिनी व्यवहार कार्यालय २०१८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागात (पक्षाबाहेरील गटांना आपल्या बाजूने वळवणाऱ्या विभागात) विलीन झाले, हे सांगून व्याख्याते थेट प्रत्येक चिनी मंडळाला बीजिंगचा हस्तक ठरवून मोकळे झाले. हा निष्कर्ष मला पटला नाही. सोलापुरात स्थायिक झालेल्या तेलुगू विणकरांच्या पद्मशाली समाजाची मुळे तेलंगणात आहेत म्हणून त्यांच्या प्रत्येक संस्थेचे राजकारण हैदराबादेत ठरते, असे कोणी सोलापुरात म्हणेल का? शिवाय बीजिंगच्या दबावाचा पहिला फटका चिनी वंशाच्या टीकाकारांनाच बसतो. हाँगकाँग पोलिसांनी २०२३ मध्ये परदेशातील लोकशाहीवादी कार्यकर्त्यांवर प्रत्येकी दहा लाख हाँगकाँग डॉलरची इनामे लावली, त्याचा उल्लेखही झाला नाही. असंख्य कुटुंबे बातम्यांसाठी ज्या वुईचॅट या चिनी संदेश-ॲपवर अवलंबून असतात, तेथील सेन्सॉरशिप दोन वाक्यांत उरकली गेली.

बैठक आणि ध्वनिव्यवस्था चांगली होती, नकाशांच्या छायाप्रती मात्र पुसट निघाल्या होत्या. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी शुल्क भरण्यास हरकत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी चालू घडामोडी हव्या असणाऱ्यांनी आधी टिपणे मागवून पाहावीत, ती कार्यालयात स्वतंत्रपणे विकत मिळतात.