तळं, बाग, समुद्र, डोंगर की जंगल: आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन कुठे जावं?

सहलीची जागा ठरवताना बहुतेक जण आधी विचारतात, "तिथे बघायला काय आहे?" आजी-आजोबा आणि नातवंडं मिळून निघणार असतील, तर मी हा प्रश्न मागे ठेवीन. त्याआधी विचारायचं ते असं: एका जागी बसून पळणारं मूल दिसत राहील का?

सहा वर्षांचं पोर दोन मिनिटांत जिथे पोचतं, तिथे जायला आजोबांना दहा मिनिटं लागतात. उलट, आजी एखाद्या झाडाखाली जितका वेळ रमेल, त्याच्या निम्मा वेळसुद्धा पोर तिथे थांबणार नाही. दोघांचा वेग जुळवायला गेलं की दोघंही वैतागतात. म्हणून वेग जुळवावाच लागणार नाही अशी जागा हवी. बसणाऱ्याने निवांत बसावं, पळणाऱ्याने मनसोक्त पळावं, आणि मध्ये झाडी, वळण किंवा खोलगट उतार नसावा. निसर्ग किती देखणा आहे, हे त्यानंतर.

या कसोटीवर खरी चुरस तळं आणि बाग यांच्यात आहे. बाकीच्या तीन जागा वाईट नाहीत, पण त्यांच्या अटी जास्त आहेत.

तळं की बाग?

दोन्हीकडे सहसा सपाट वाट असते, बसायला बाकं असतात, आणि कुणी कंटाळलं, दमलं किंवा रडायला लागलं तर पटकन बाहेर पडता येतं. या शेवटच्या सोयीला लोक कमी लेखतात.

तळ्याची जमेची बाजू म्हणजे तिथलं बरंचसं उघड्यावर घडतं. झाडीतला पक्षी दाखवताना "त्या फांदीवर, नाही रे, तिच्या डावीकडे" असं म्हणेपर्यंत तो उडालेला असतो. पाणपक्षी मोठे असतात, मोकळ्यावर असतात आणि बरेचदा एका जागी टिकतात. बगळा माशावर नजर ठेवून कितीतरी वेळ जागचा हलत नाही. पाणकावळा बुड्या मारतो आणि मग काठावर पंख पसरून उभा राहतो. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं, पाणकावळ्याची पिसं मात्र भिजतात. त्यामुळे त्याला बुडी मारणं सोपं जातं, पण नंतर पंख वाळवत बसावं लागतं. तो असा का उभा आहे, हे मुलं हमखास विचारतात. तो पाण्याखाली गेला की कुठे वर येईल यावर पैज लावा. या खेळाला साहित्य लागत नाही, बाकावरून उठावंही लागत नाही.

तळ्याकाठी दोन पिढ्यांची कामंही आपोआप वाटली जातात. वय वाढतं तसे उंच पट्टीतले बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात. किड्यांची किरकिर, लहान पक्ष्यांची तीक्ष्ण शीळ नातीला स्पष्ट ऐकू येते आणि आजोबांपर्यंत पोचतच नाही. मग आवाज कुठून येतो ते नातीने बोटाने दाखवायचं, आणि दिसला की कोण आहे ते आजोबांनी सांगायचं. आजोबांना नाव माहीत नसेल तरी बिघडत नाही. रंग, चोच, पाय असं वर्णन लिहून ठेवलं की घरी जाऊन शोधायला काम मिळतं. मुलांना काही शिकवण्यापेक्षा त्यांच्यावर काही सोपवलं की ती जास्त टिकतात, असं माझं मत आहे.

दुर्बीण घ्यायची झाली तर दुकानातली सर्वांत जोरदार घेऊ नका. दुर्बिणीवर 8x32 असे दोन आकडे लिहिलेले असतात. यातला पहिला म्हणजे किती पट मोठं दिसतं, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. इथे ती 4 मिलिमीटर. उतारवयात डोळ्याची बाहुली तरुणपणाइतकी मोठी होत नाही, त्यामुळे दिवसाउजेडी एवढा झोत पुरतो आणि मोठ्या भिंगांचं ओझं मानेवर येत नाही. दहा-बारा पटीच्या दुर्बिणीत हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी कडा आत वळवून घ्यायच्या. लहान मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी असतं, आणि मोठ्यांची दुर्बीण तितकी मिटत नाही. मुलाला दोन वर्तुळं दिसतात आणि ते "काहीच दिसत नाही" म्हणून सोडून देतं. त्याला छोटी, पूर्ण मिटणारी दुर्बीण द्या, किंवा सरळ एकाच डोळ्याने बघू द्या.

तळ्याची उणीव एकच, पण ती मोठी आहे: पाणी. मूल बुडताना सहसा आरडाओरडा होत नाही, आणि बाकावरून उठून धावणं सगळ्या आजी-आजोबांना जमत नाही. काठाला कठडा नसेल आणि मूल पाच वर्षांच्या आतलं असेल, तर मी तळं यादीतून काढून टाकीन.

तिथे बाग जिंकते. साधी बाग नव्हे, जमलं तर वनस्पती उद्यान. झाडं उडून जात नाहीत, पाट्यांवर नावं असतात, आणि चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी नेण्याजोगे रस्ते असतात. उतार किती सौम्य हवा याचं प्रचलित प्रमाण 1:12 आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. त्याहून तीव्र उतारावर खुर्ची ढकलणारा लवकर थकतो.

पाहण्यासारखंही कमी नसतं. लाजाळूचं रोपटं कुठल्याही वयाच्या माणसाला दोन मिनिटं मूल करून टाकतं. किडे पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानावर बारीक केस असतात. त्यांना साधारण वीस सेकंदांत दोनदा धक्का लागला तरच पान मिटतं. (बोट घालून पाहायचा मोह होतो, पण उगाच मिटण्यात झाडाची शक्ती वाया जाते, तेव्हा मुलांना आवरा.) ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या व्हिक्टोरिया वॉटरलिलीची पानं तीन मीटरपर्यंत रुंद होतात, आणि तिचं फूल पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी असतं. जुन्या उद्यानांत तर झाडच आजोबा असतात: इटलीतल्या पादुआचं वनस्पती उद्यान 1545 साली सुरू झालं आणि तिथे 1585 मध्ये लावलेला पाम आजही उभा आहे.

बागेचा तोटा आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना जाणवतो. हिरवळीवर चालू नका, फुलं तोडू नका, ओरडू नका. तासाभरात त्यांचं बघून होतं आणि मग उरतो मोबाईल. माझा कौल असा: पाचच्या आत बाग, पाच ते दहा तळं.

समुद्र: घड्याळ बघूनच

मुलांना विचारलं तर बहुतेकांचं उत्तर समुद्रच असेल. मोकळी किनारपट्टी नजरेच्या कसोटीलाही उतरते. अडचण पायांची आहे. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते, आणि चाकाची खुर्ची रुतते. पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, पण तिथवर पोचायला मधला कोरडा पट्टा ओलांडावाच लागतो. रस्ता किंवा फळ्यांची वाट जिथे पाण्याच्या जवळ जाते, असा किनारा शोधा.

दुसरी गोष्ट वेळेची. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. गेल्या शनिवारी दुपारी वाळू मोकळी होती म्हणजे या शनिवारीही असेल, असं नाही. साधारणपणे आठवड्यात चित्र उलटं झालेलं असतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं तसं जास्त उतरतंही. खडकाळ किनाऱ्यावरच्या डबक्यांतले शंखात राहणारे खेकडे, समुद्रफुलं, चिकटून बसलेल्या गोगलगायी पाहायला हीच ओहोटी उत्तम. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी पोचायचं आणि ते वळलं की निघायचं. शेवाळलेल्या खडकांवर मात्र आजी-आजोबांनी उतरू नये. त्यांनी घट्ट वाळूवर खुर्ची टाकावी आणि मुलांबरोबर तिसऱ्या कुणी जावं.

लाटांमध्ये शांत, गडद दिसणारी पट्टी असेल तर तिथे उतरणं बरं वाटतं. बरेचदा पाणी तिथूनच आत ओढलं जात असतं. जीवरक्षक असलेला किनारा निवडा, आणि मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका. हे सगळं सांभाळायला तिसरा धडधाकट माणूस नसेल, तर समुद्र नको.

डोंगर

डोंगरमाथ्यावरचा देखावा हा मोठ्यांचा आनंद आहे. मूल पाच मिनिटं बघतं आणि विचारतं, "आता काय करायचं?" त्याला काम द्यावं लागतं: आपण आलो तो रस्ता शोध, नदी कुठे वळते ते दाखव. कठडा भक्कम नसेल तर तेही नाही.

चढायला गाडी किंवा रोपवे असेल तरच आजी-आजोबांसाठी डोंगराचा विचार करा. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखवतो तो उतार, आणि हे कळतं तेव्हा परतीचा निम्मा रस्ता शिल्लक असतो. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. खाली घाम येत असला तरी वर स्वेटर लागू शकतो. अडीच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश उरतो. रोपवेने तिथे काही मिनिटांत पोचता येतं, शरीराला सवय व्हायला मात्र त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

जंगलवाट

जंगल माझ्या कसोटीवर सरळ नापास होतं: दहा पावलांवर वळण, आणि पोर दिसेनासं. तरीही नऊ-दहा वर्षांचं, हाक मारली की थांबणारं मूल आणि रोज चालायची सवय असलेले आजोबा अशी जोडी असेल, तर मी बाकी सगळं सोडून जंगल निवडीन. सावली असते, कुठे पोचायची घाई नसते, आणि एक भिंग हातात असलं की कुजलेला ओंडकासुद्धा अर्धा तास पुरतो. जिथे हिवाळा-उन्हाळा स्पष्ट वेगळे असतात, तिथे कापलेल्या खोडावरची वर्तुळं कडेपासून आत मोजत आजोबांच्या जन्मवर्षापर्यंत जाता येतं. झाड कधी पाडलं ते माहीत असेल तर हिशोब नेमका जमतो.

वाट किलोमीटर-दीड किलोमीटरची, सुरुवातीच्या जागी परत येणारी घ्या. चष्म्याकडेही लक्ष द्या. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पायाखालची मुळं आणि पायऱ्या धूसर दिसतात आणि ठेच लागते. फक्त लांबचं दाखवणारा वेगळा चष्मा असेल तर तो घालून निघा.

जीप सफारीबद्दल थोडक्यात: पाठीचं दुखणं किंवा ठिसूळ हाडं असतील तर नको. खड्ड्यातला एक जोराचा आदळा महागात पडतो, आणि प्राणी दिसण्याची खात्री नसते.

तरीही ठरत नसेल तर

जागा मोठ्यांनी दोन निवडाव्यात आणि त्यांतली एक मुलाला निवडू द्यावी. वेळ मात्र आजी-आजोबांच्या सोयीची, म्हणजे बहुधा सकाळची. पक्षी तेव्हाच जास्त दिसतात आणि ऊनही कमी असतं. उतारवयात तहान उशिरा जाणवते आणि मुलं खेळाच्या नादात पाणी विसरतात, म्हणून मागण्याची वाट न पाहता दोघांना एकदमच पाणी द्या. स्वच्छतागृह चालू आहे ना, हे फोन करून विचारा. नुसतं आहे का असं विचारलं तर उत्तर नेहमी "हो" येतं.

पहिल्या खेपेला दोन तास पुरे. मूल "अजून थोडा वेळ" म्हणत असतानाच निघालात, तर पुढच्या वेळी त्याला तयार करायला कुणाच्या मागे लागावं लागत नाही.