हायबरनेटची लेझी प्रॉक्सी, आठ महिन्यांनी: बिलावर गाव कोरं का सुटलं

इंदूरच्या सियागंजातल्या घाऊक किराण्याच्या बिलिंगमध्ये गेल्या आठवड्यात काही बिलांवर पोहोचीचं गाव कोरं छापलं गेलं. देवासची पोती कुठली, महूची कुठली, हमालांना कळेना. एरर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. मांडणी नेहमीचीच: जावा, स्प्रिंग बूट, हायबरनेट ६ (जावाचे ऑब्जेक्ट आणि डेटाबेसच्या नोंदी यांची सांगड घालणारी लायब्ररी), पोस्टग्रेस डेटाबेस, २ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर.

बिलातला ग्राहक लेझी, म्हणजे लागेल तेव्हाच आणायचा, केला की हायबरनेट खरा ग्राहक आणत नाही. बाइट बडी ही चालू प्रोग्रॅममध्ये क्लास बनवणारी लायब्ररी वापरून ग्राहक क्लासचा एक उपक्लास तयार करतं आणि त्याचा ऑब्जेक्ट, नुसता आयडी घालून, आपल्या हाती देतं. हीच प्रॉक्सी. मेथड बोलावली की उपक्लास ती मध्येच अडवतो, डेटाबेसमधून खरा ग्राहक आणतो आणि काम त्याच्याकडे सोपवतो. पण फायनल मेथड ओव्हरराइड होत नाही, म्हणून अडवताही येत नाही. ती थेट प्रॉक्सीवर चालते, प्रॉक्सीची स्वतःची फील्डं वाचते, आणि ती नल असतात. गाव देणारी मेथड पुढे कुणी बदलू नये म्हणून फायनल केलेली होती. एवढ्यानेच घात झाला.

ग्राहक लोड झाल्यावरही हेच होतं, आणि मला सर्वांत जास्त हेच खटकतं. माहिती आतल्या वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये येते. प्रॉक्सीची फील्डं शेवटपर्यंत रिकामीच. डीबगरमध्ये सगळं नल दिसतं आणि संशय डेटाबेसवर जातो. त्याच सेशनमध्ये (डेटाबेसशी चाललेल्या एका कामाच्या सत्रात) ग्राहक आधी फाइंडने, थेट आयडीवरून, आणलेला असेल तर बिलाला खरा ऑब्जेक्टच मिळतो आणि गाव नीट छापतं. म्हणून चूक कधी दिसते, कधी लपते.

दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का हे ठरवणारं इक्वल्सही याच कारणाने फसतं. गेटक्लासने तुलना केली तर प्रॉक्सी आणि खरा ग्राहक वेगळे ठरतात. समोरच्या ऑब्जेक्टचं फील्ड थेट वाचलं तर नल मिळतो. इन्स्टन्सऑफ वापरा, समोरच्याचं सगळं गेटरमधून वाचा. खरा ऑब्जेक्टच हवा असेल तर हायबरनेट.अनप्रॉक्सी आहे. कोट्लिनवाल्यांनी जास्त जपावं: तिथे क्लास मुळातच फायनल, प्रॉक्सी बनतच नाही, आणि लेझी लिहूनही नोंद ताबडतोब लोड होते. कोट्लिनच्या जुन्या आवृत्त्यांत जेपीए प्लगइन फक्त रिकामा कन्स्ट्रक्टर देतं. तिथे क्लास खुले करणाऱ्या ऑल-ओपन प्लगइनमध्ये एंटिटी अॅनोटेशन वेगळं नोंदवावं लागतं.

एन प्लस वनचा, म्हणजे यादीच्या एका क्वेरीमागे प्रत्येक नोंदीसाठी आणखी एक क्वेरी जाण्याचा, दोष मात्र मी बरेच महिने प्रॉक्सीच्या माथी मारला, ते मत आता बदललंय. दिवसाच्या २०० बिलांची यादी, प्रत्येकाचा ग्राहक वेगळा, तर १ अधिक २०० मिळून २०१ क्वेऱ्या जायच्या. मोठा सर्व्हर घेण्यापर्यंत गोष्ट आली होती. डिफॉल्ट बॅच फेच साइज ५० ठेवली आणि क्वेऱ्या ५ वर आल्या: पहिल्या प्रॉक्सीला हात लागला की सेशनमधल्या आणखी ४९ तिच्याबरोबर भरल्या जातात. एक ओळ, आणि भाडं आहे तेवढंच. ज्या पानावर ग्राहक नक्की लागतो तिथे सरळ जॉइन फेच (एकाच क्वेरीत दोन्ही आणणं) लिहा. पण बिलातल्या मालाच्या ओळींसारखं कलेक्शन जॉइन फेच करून त्यावर पेजिंग लावू नका. हायबरनेट सगळ्या ओळी मेमरीत आणून तिथे पानं पाडतं, आणि २ जीबीत ते झेपत नाही.

ओपन-इन-व्ह्यू, म्हणजे पान तयार होईपर्यंत सेशन उघडं ठेवणं, स्प्रिंग बूटमध्ये मुळातच चालू असतं. ते बंद करा. चालू ठेवलं तर पान तयार होईपर्यंत कनेक्शन अडकून राहतं, आणि डेटाबेसची कनेक्शनं सांभाळणाऱ्या हिकारीच्या पूलमध्ये न सांगता १०च कनेक्शनं असतात. बंद केल्यावर पहिले दोन दिवस, सेशन संपल्यावर प्रॉक्सीला हात लागला की येणाऱ्या लेझीइनिशिअलायझेशनएक्सेप्शनचा पाऊस पडतो, पडू द्या. प्रत्येक एक्सेप्शन एक विसरलेली क्वेरी दाखवतं. सेशन नसतानाही लोड करू देणारं लेझी लोड नो ट्रान्स चालू करून ते दाबू नका: मग प्रत्येक प्रॉक्सीसाठी वेगळं तात्पुरतं सेशन उघडतं.

एक जागा अजून अडते. ग्राहक आणि उधारखातं वन-टू-वन, परकी चावी (फॉरेन की) खात्याकडे. ग्राहकाच्या बाजूने लेझी लिहून उपयोग नाही: खातं आहे की नाही हे न बघता नल द्यायचा की प्रॉक्सी, हे हायबरनेटला ठरवता येत नाही, म्हणून क्वेरी जातेच. शेवटी ग्राहकातलं ते फील्ड काढलं, खात्याला मॅप्सआयडीने ग्राहकाचाच आयडी दिला, आणि खातं लागेल तिथे त्या आयडीने फाइंड करतो.