रत्नागिरीत प्रोजेक्ट टायपिंगला कुठे द्यायचा? माझा अनुभव (४ स्टार)

दर सेमिस्टरला सबमिशन जवळ आलं की ग्रुपवर तोच प्रश्न फिरतो, टायपिंग कोण करून देतं, ब्लॅक बुक (म्हणजे प्रोजेक्टचं जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग) कुठे स्वस्त पडेल, आणि खाली जो तो आपापलं दुकान सांगतो. म्हणून एकदाच नीट लिहिते. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण दुकानातल्या काकूच नको म्हणाल्या, आधीच सबमिशनच्या टायमाला आत उभं राहायला जागा नसते. पत्ता हवा असेल त्याने मेसेज करा, सांगते.

पूर्वी तिथे टायपिंग इन्स्टिट्यूट होती, मराठी ३० आणि इंग्रजी ४० (मिनिटाला एवढे शब्द) च्या सरकारी परीक्षांना बसणारी मुलं तिथेच शिकायची, आता मशीन जाऊन दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स आणि एक स्पायरलचं यंत्र आलंय. टायपिंग काकू करतात, झेरॉक्स आणि बाकी सगळं काका बघतात. टायपिंगचे रेट बाकीच्यांपेक्षा पानामागे थोडे जास्त आहेत हे खरं. पण माझं स्पष्ट मत आहे की ते जास्तीचे पैसे द्यावेत, आणि का ते खाली लिहिलंय.

पहिली गोष्ट, तिथे रेडी प्रोजेक्ट मिळत नाही. मागितला तरी मिळत नाही. बाकी ठिकाणी काय चालतं ते सगळ्यांना माहितीय, विषय सांगा, पेनड्राइव्हमधून फाईल काढतात, पहिल्या पानावरचं नाव आणि रोल नंबर बदलतात, सर्टिफिकेटचं पान घालतात आणि संध्याकाळपर्यंत हातात. आमच्या वर्गातल्या एकीने असाच एक आणला होता, विषय काय तर रत्नागिरी तालुक्यातील महिला बचत गट. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मॅडमनी मधलंच एक पान उघडलं तर तिथे सोलापूर जिल्ह्यातली ज्वारीची काढणी चाललेली. ती बिचारी उभ्या उभ्या रडायला लागली. मला वाईट ह्याचं वाटलं की तिची आई स्वतः बचत गटात आहे, मे महिन्यात त्या बायका आंबापोळी फणसपोळी घालतात, कोकमं सुकवतात, मुंबईला ओळखीतून पाठवतात, पैशाचा हिशोब वहीत लिहितात. घरात एवढं सगळं असताना कुणाची तरी ज्वारी कशाला पाहिजे होती? आईच्या वहीतली चार पानं जरी तिने मांडली असती तरी वर्गातला सगळ्यात चांगला प्रोजेक्ट झाला असता, मी हे मनापासून सांगतेय.

तर काकूंकडे तुम्ही हाताने लिहिलेलं किंवा मोबाइलवर टाइप केलेलं घेऊन गेलात की त्या लगेच कॉम्प्युटरवर बसत नाहीत. आधी पेन्सिल घेऊन वाचतात. आणि जिथे आकडा असेल, किंवा "तज्ज्ञांच्या मते" असं काही असेल, तिथे समासात बारीक अक्षरात "कु?" असं लिहितात. म्हणजे कुठून. हे कुठून घेतलंस ते सांग, मग पुढे. पहिल्यांदा जाणाऱ्याला राग येतो, माझ्यासमोर एक मुलगा म्हणाला काकू तुम्ही फक्त टाइप करा ना, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे मी टाइप करीन रे, पण उद्या सरांनी विचारलं की तू काय सांगणार?" आणि कागद परत दिला. तो दुसऱ्या दिवशी परत आला, सगळ्या "कु?" समोर पेनाने लिहून.

त्याच मुलाच्या कागदावर १९७१ च्या जनगणनेतली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आणि २०११ ची शेजारी शेजारी होती आणि खाली वाक्य, चाळीस वर्षांत निम्मा जिल्हा ओसाड पडत आला वगैरे. काकूंनी तिथे नुसतं "कु?" नाही तर "सिंधुदुर्ग?" लिहिलं. कारण १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्याआधीच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण, कुडाळ, सावंतवाडी सगळं होतं, मग तुलना कशी होईल? लोकसंख्या कमी झालीय ते खोटं नाही, २००१ ला १६,९६,७७७ होती ती २०११ ला १६,१५,०६९ झाली, म्हणजे जवळजवळ ८२ हजारांनी घट, आणि हे दोन्ही आकडे आजच्याच जिल्ह्याचे आहेत. खरा आकडा एवढा बोलका असताना चुकीची तुलना करायची गरजच नव्हती. हे टायपिंगच्या दुकानात सांगितलं जातंय ह्याचं मला अजून कौतुक वाटतं.

माझा स्वतःचा विषय पण ह्यातलाच होता. आमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाचं, नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून लिहायची कामं फार वाढलीयत, पहिल्या वर्षी लेखनकौशल्याच्या पेपरला आधी साधे निबंध, मग संदर्भ देऊन लिहायचा एक मोठा निबंध, आणि आता एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षी, फील्ड प्रोजेक्ट. मी मोठ्या निबंधाला स्थलांतर घेतलं. मॅडम म्हणाल्या, कोकणातील स्थलांतर हा काय विषय आहे, त्यावर लोक पीएचडी करतात, तुझा प्रश्न काय आहे तो एका वाक्यात सांग. मग मी बारीक करत करत एका आकड्यावर आले. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा ९२९. अभिमानाने सांगतात लोक, आमच्याकडे मुलींना मान आहे बघा. पण ० ते ६ वयाच्या पोरांचा आकडा काढला तर तो आपल्याकडेही हजाराच्या खाली आहे. म्हणजे मुली जास्त जन्मतात असं काही नाही, पुरुष मुंबईला गेलेत. माझ्या निबंधाचं म्हणणं एवढंच. वाडीत गणपतीला आणि शिमग्याला जी घरं उघडतात आणि बाकी वर्षभर कुलूप असतं ती मी मोजली, उरलेल्या घरांतून कोण राहतं ते विचारलं, आणि ते लिहिलं.

काकूंनी माझ्या मसुद्यावर एका ठिकाणी पेन्सिल टेकवली, मी लिहिलं होतं की ही मुंबईला जायची पद्धत फार जुनी आहे. "किती जुनी गो बाय? तुझ्या आजोबांच्या वेळची की त्याच्या आधीची?" मग त्यांनीच सांगितलं की इंग्रजांच्या काळातलं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, बघ, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा १० वा खंड, १८८० चा, नेटवर स्कॅन केलेला मिळतो. इंग्रजी जड आहे, पण शोधून काढलं तर तेव्हासुद्धा रत्नागिरीची माणसं कामाला मुंबईला जात होती हे त्यात आहे. माझ्या निबंधात ते एकच वाक्य आलं पण मॅडमनी त्याच वाक्याखाली रेघ मारली. काकूंना हे कसं माहीत विचारलं तर म्हणाल्या, इतकी वर्षं पोरांचे प्रोजेक्ट टाइप करतेय, वाचल्याशिवाय टाइप होतं होय?

सर्व्हेचे फॉर्म पण तिथेच छापून घ्या असं मी सांगीन. मैत्रिणीने फॉर्ममध्ये विचारलं होतं, तुमच्या गावात रस्ता आणि पाणी चांगलं आहे का, हो किंवा नाही. काकू म्हणाल्या, रस्ता चांगला आणि एप्रिलनंतर विहीर कोरडी असेल तर त्या माणसाने खूण कुठे करायची? दोन प्रश्न वेगळे झाले. असल्या बारक्या गोष्टी वर्गात साठ-सत्तर पोरांमध्ये कोणाच्या लक्षात येत नाहीत, मॅडमना पण प्रत्येकाचा फॉर्म बघायला वेळ मिळत नाही, त्यांचा दोष नाही.

आता एआयबद्दल, कारण सगळे ते वापरतात. काकू वापरू नका म्हणत नाहीत. फक्त संदर्भसूचीतली पुस्तकं हातात घेऊन बघितलीत का विचारतात. आमच्यातल्या एकीचा विषय कातळशिल्पं होता, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आपली कातळशिल्पं, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं, गेली तेव्हापासून हा विषय दर वर्षी कोणीतरी घेतंच. तिला एआयने पाच पुस्तकांची छान यादी करून दिली होती, लेखक, साल, प्रकाशक सगळं. काकूंनी तिला नगर वाचनालयात धाडलं, १८२८ पासूनचं वाचनालय आहे आपलं, तिथे नसेल तर निदान काहीतरी पत्ता लागेल म्हणून. पाचातली दोन पुस्तकं कुठेच नाहीत, वाचनालयात नाहीत, दुकानात नाहीत, नेटवर नाहीत, कारण अशी पुस्तकं निघालेलीच नाहीत. ती दोन तिने काढून टाकली आणि त्याऐवजी भावाच्या गाडीवरून उक्षीला गेली, तिथला कातळावरचा हत्ती बघितला, गावातल्या माणसांशी बोलली, टेपने माप घेतलं आणि ते लिहिलं. तिच्या प्रोजेक्टमधली ती दोन पानं वाचताना पायाखालचा तापलेला कातळ जाणवतो. मी उगाच म्हणत नाहीये, वाचून बघा.

टायपिंगची क्वालिटी. इथे टायपिंग पूर्ण युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीने, करतात आणि हे लय महत्त्वाचं आहे. अजून बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे जुने फॉन्ट चालतात, कागदावर प्रिंट सुंदर येते पण तीच फाईल सरांना मेल केली की त्यांच्या कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबं दिसतात, फॉन्ट नसतो ना त्यांच्याकडे. शिवाय अशा फाईलमध्ये मराठी शब्द शोधता येत नाही, कॉपी तपासायच्या सॉफ्टवेअरलाही ती नीट वाचता येत नाही. काकूंची फाईल मोबाइलवर पण जशीच्या तशी उघडते. आणि "खाऱ्या पाण्याची" मधला अर्धा र त्या बरोबर काढतात, मोबाइलवर टाइप केलेल्या अर्ध्या प्रोजेक्टांमध्ये ते "खार्या" असतं आणि वाचताना खडा लागतो.

अजून एक, सबमिशन झालं की तुमची फाईल तुमच्यासमोर डिलीट करतात. पुढच्या वर्षी कोणी "जुना बघायला द्या ना" म्हणालं तरी द्यायला त्यांच्याकडे काही नसतंच. तुमचा पेनड्राइव्ह तुम्ही सांभाळा.

आता एक स्टार का कापला. ब्लॅक बुकचं बाइंडिंग ते स्वतः करत नाहीत, बाहेर देतात, आणि पावसाळ्यात फार वेळ लागतो. हवेत एवढी ओल की गोंद वाळतच नाही, मागच्या सप्टेंबरला माझ्या बुकाचं पुठ्ठ्याचं कापड एका कोपऱ्यात सुटलं होतं, काकांनी कटकट न करता परत करून दिलं, पण तोपर्यंत माझा जीव टांगणीला. कलर प्रिंट मला आवडली नाही, नकाशातला समुद्र हिरवट येतो, कलरचं काम दुसरीकडे करा. इंग्रजी प्रोजेक्ट टाइप करतात पण भाषा बघत नाहीत, ते काकूंनीच आधी सांगितलं, इंग्रजीत मी फक्त बोटं चालवते म्हणाल्या. आणि सगळ्यात मोठी अडचण दुपारची, एक ते चार बंद म्हणजे बंद. आम्हा एसटीने येणाऱ्या पोरींना तोच वेळ मोकळा असतो, साडेचारची गाडी गेली की पुढची कधी लागेल सांगता येत नाही. निदान सबमिशनच्या आठवड्यात तरी दुपारी कोणीतरी बसावं ही माझी काकांना कळकळीची विनंती आहे, तोंडीपण सांगितलंय.

रेट सांगते, मी गेले तेव्हाचे. मराठी टायपिंग पानाला २५, ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट २ रुपये, स्पायरल ४०, ब्लॅक बुक सोनेरी अक्षरांसकट २५०. पेन्सिलीने वाचायचे आणि खुणा करायचे वेगळे पैसे घेत नाहीत. दुरुस्त्या एकदा फुकट, नंतर पानामागे ५. जीपे चालतं पण आत रेंज नाही, बाहेर पायरीवर येऊन करावं लागतं, सुटे पैसे ठेवा.

जाताना कच्चं लिखाण एका बाजूलाच लिहिलेलं न्या, समास सोडून, आणि पुस्तक वापरलं असेल तर त्याच्या पहिल्या दोन पानांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा म्हणजे साल आणि प्रकाशक शोधत बसावं लागत नाही. ज्याच्याशी बोललात त्याचं गाव, वय, तारीख वहीत लिहून ठेवा, काकू ते विचारणारच. शेवटच्या दोन दिवसांत जाऊ नका, तेव्हा त्यांनाही वाचायला वेळ नसतो, नुसतं टाइप करून देतात आणि मग तिथे जाण्याचा अर्धा उपयोग गेला. पंधरा दिवस आधी जा. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, झेरॉक्स नाही, त्यामुळे वादळवाऱ्याच्या दिवशी झेरॉक्ससाठी हेलपाटा घालू नका, आधी फोन करा. रविवारी बंद.